टेबलावरची लढाई आणि घड्याळ

सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर पडक्या इमारती, दोन्ही कडांना हाताने रंगवलेल्या इवल्या सैनिकांच्या फौजा. एक खेळाडू म्हणतो, 'त्या तुटक्या खिडकीतून तुझा सैनिक दिसतोय, मी गोळी झाडणार.' दुसरा टेबलाशी वाकतो, एक डोळा मिटतो, म्हणतो, 'नाही दिसत.' मित्राच्या घरी हा वाद फासा टाकून मिटतो. 'वॉरहॅमर ४०,०००' या टेबलावरच्या युद्धखेळाच्या नियमपुस्तकातच कित्येक वर्षं तसा सल्ला होता: एकमत होत नसेल तर फासा टाका आणि पुढे चला. पण दोन दिवसांच्या स्पर्धेत एकही डाव न हरता आलेल्या खेळाडूचा शेवटचा डाव असा फाशावर सोडणं हा सरळ अन्याय आहे. एकसारख्या नियमांची मागणी निघाली ती इथून.

मुळात युद्धखेळांत पंच होताच. प्रशियात, म्हणजे जुन्या जर्मन राज्यात, राइसविट्झ पिता-पुत्रांनी 'क्रीगस्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ घडवला. मुलाने १८२४ मध्ये मांडलेल्या रूपात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत आणि नकाशावर काय घडलं, कोणाला काय दिसलं, हे पंच सांगे. पुढे इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातले सैनिक घेऊन हा खेळ घरातल्या जमिनीवर आणला. चालीची वेळ मात्र त्यांनी बांधून दिली: तीस सैनिकांमागे एक मिनिट, शिवाय प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. म्हणजे ११० सैनिक आणि ३ तोफा असतील तर साधारण सात मिनिटं. हा हिशेब लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

ब्रिटनमध्ये १९६९ पासून वॉरगेम्स रिसर्च ग्रुप या नियम लिहिणाऱ्या मंडळाच्या प्राचीन युद्धांच्या नियमांवर स्पर्धा रंगू लागल्या. वॉरहॅमर ४०,००० चं पहिलं पुस्तक १९८७ चं, रिक प्रीस्टली यांनी लिहिलेलं. त्यात गोष्ट रचणारा आणि निवाडा करणारा तिसरा माणूस गृहीत धरला होता. खेळ वाढला, तो तिसरा माणूस गळाला, आणि त्याने मिटवायचे वाद तसेच राहिले.

ते मिटवले स्पर्धा भरवणाऱ्यांनी. अमेरिकेत ॲडेप्टिकॉन हा युद्धखेळांचा मेळा भरवणाऱ्या मंडळींनी नियमांतल्या शंकांची उत्तरं देणारी जाडजूड पुस्तिका काढली. पुढे लास व्हेगास ओपन ही मोठी स्पर्धा भरवणाऱ्यांच्या इंडिपेंडंट टूर्नामेंट सर्किट या स्पर्धामालिकेने खिडकीचा प्रश्न एका फटक्यात सोडवला: पडक्या इमारतीच्या तळमजल्याच्या खिडक्या बंद धरायच्या, आरपार दिसत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. वाकून बघणं संपलं आणि लपायला जागा मिळाल्याने दूरवर मारा करणाऱ्या फौजांचा एकतर्फी वरचष्मा कमी झाला. अडचण एवढीच की दुसऱ्या शहरात दुसरा नियम असे. आपल्याकडे एका गल्लीत एक टप्पा आउट आणि पलीकडच्या गल्लीत नाही, तसंच. तीच फौज इथे जिंकायची, तिथे चिरडली जायची.

खेळ बनवणारी गेम्स वर्कशॉप कंपनी तेव्हा या सगळ्यापासून लांब होती. किती लांब, ते २०१५ मध्ये दिसलं. आपला जुना कल्पनारम्य युद्धखेळ बंद करून तिने 'एज ऑफ सिग्मार' आणला. मूळ नियम फक्त चार पानांचे आणि सैनिकांना गुण, म्हणजे ताकदीचा आकडा, दिलेलेच नाहीत, म्हणजे दोन फौजा तुल्यबळ आहेत की नाहीत हे मोजायचं मापच नाही. एका सरदाराच्या नियमात तर तुमची मिशी समोरच्यापेक्षा भारदस्त असेल तर चुकलेले फासे पुन्हा टाकायची मुभा होती. मित्रांमध्ये हे मजेचं आहे, स्पर्धेच्या पंचाने काय मोजायचं? खेळाडूंनी स्वतःच गुणांच्या याद्या तयार केल्या, काहींनी तर 'द नाइन्थ एज' नावाचा वेगळा खेळच उभा केला. वर्षभरात, २०१६ मध्ये, कंपनीने अधिकृत गुण छापले. याचं श्रेय मी त्या याद्या करणाऱ्यांना देतो.

मग घड्याळ आलं. शंभर-दीडशे सैनिकांची फौज हलवता हलवता वेळ संपे आणि पाच-सहा फेऱ्यांचा डाव दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच थांबे. सुरुवातीला आघाडी घेणाऱ्याचं फावे, आणि हळू खेळणारा मुद्दाम रेंगाळतोय की खरंच मोजतोय, हे कोणी सिद्ध करू शकत नसे. २०१८ मध्ये मोठ्या स्पर्धांत बुद्धिबळाची घड्याळं टेबलावर आली. तीन तासांचा डाव असेल तर प्रत्येकाला दीड तास. समोरच्याने बचावाचे फासे हातात घेतले की बटण दाबायचं, आता वेळ त्याची. वेल्स यांची सात मिनिटं शंभर वर्षांनी परत आली.

वॉरहॅमर ४०,००० च्या २०२० मधल्या नवव्या आवृत्तीत कंपनी अखेर पुढे आली. स्पर्धेसाठी वेगळं पुस्तक, ६० बाय ४४ इंचांचं टेबल, उंच अवशेषांमागचं दिसणार नाही असा लिखित नियम, आणि पूर्ण रंगवलेल्या फौजेला डावाच्या शंभर गुणांतले दहा. २०२१ पासून फौजांची ताकद सावरणारे बदल ठरावीक काळाने येऊ लागले. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीनंतर तर कोणती इमारत कुठे ठेवायची याचे मापांसह नकाशेही मिळाले. टेबलं त्यामुळे एकसारखी दिसू लागली, अनोळखी रणभूमी वाचण्याचं कसब मागे पडलं, आणि त्याची हळहळ मला आहे. तरीही टेबलाच्या कोणत्या बाजूला उभं राहिलो यावर निकाल ठरण्यापेक्षा हे बरं.

आठ-आठ खेळाडूंचे राष्ट्रीय संघ जिथे उतरतात, त्या वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपचे नकाशे आणि शंकांची उत्तरं मात्र आजही स्वतःची आहेत. तिकडे जाणारा संघ आधी काही आठवडे घरची टेबलं मोडून त्यांच्या मापांनी मांडतो.