धुळीत बसून काढलेला नकाशा

आपण आकाशगंगेच्या आतच बसलोय, त्यामुळे तिचा बाहेरून फोटो काढायचा प्रश्नच येत नाही. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये डोकं लावलं, दुर्बिणीतून कुठल्या दिशेला किती तारे दिसतात ते मोजत बसला, जिकडे जास्त तिकडे आकाशगंगा लांबवर पसरलीये असा साधा हिशोब, आणि नकाशात सूर्य आला जवळजवळ मधोमध! खरं तर केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं लांब आहे. मोजणीत त्याने आळस केला नव्हता हो, पण ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ होती. दाट धुक्यात उभं राहिलं की चारी बाजूंना सारखंच दिसतं, तसं झालं.

गंमत म्हणजे धुळीवरचा उपायही त्यालाच सापडला होता. १८०० मध्ये प्रिझममधून आलेल्या रंगांचं तापमान मोजताना लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर सगळ्यात जास्त चढला. हेच इन्फ्रारेड. धुळीचे कण इतके बारीक की ही लांब तरंगलांबी त्यांना फारशी अडत नाही. केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशातला लाख कोटीत साधारण एक फोटॉन (प्रकाशाचा कण) आपल्यापर्यंत पोचतो, २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडमध्ये मात्र दहातला एक!

पण तारा दिसला म्हणून तो किती लांब आहे ते कळत नाही ना. इथे कामाला येतात रेड क्लम्प तारे, म्हणजे पोटात हेलियम जाळणारे म्हातारे तारे, सगळ्यांची मूळ चमक जवळपास सारखी, त्यामुळे जो मंद तो लांबचा, आणि धुळीने किती मंद केलंय ते त्याचा रंग किती लालसर झालाय त्यावरून वजा करायचं.

स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीने असे कोट्यवधी तारे टिपले तेव्हा केंद्राच्या एका बाजूचे तारे दुसऱ्या बाजूपेक्षा उजळ निघाले. म्हणजे मधे नुसता गोळा नाही, आडवा दांडा आहे, त्याचं एक टोक आपल्याकडे झुकलेलं. २००५ मध्ये त्याची लांबी सुमारे २७,००० प्रकाशवर्षं सांगितली गेली.

आकाशगंगेच्या भुजांचं, म्हणजे केंद्राभोवती वळत गेलेल्या ताऱ्यांच्या पट्ट्यांचं, मात्र भांडण आहे. वायू आणि तरुण तारे बघितले तर चार भुजा दिसतात, इन्फ्रारेडमधले म्हातारे तारे मोजले तर ठळक दोनच, स्क्यूटम-सेंटॉरस आणि पर्सियस. मला दोन्ही बरोबर वाटतात, कारण वायू दाबला जाऊन तारे जन्मायला लागतात ती जागा आणि जुने तारे दाटीने असतात ती जागा एकच असायला हवी असं कुठेय?