मॅन्स कोणाचे? स्कॉटलंडच्या खेड्यातल्या पाळकाचे घर

स्कॉटलंडच्या ग्रामीण पाळकाचा संसार समजून घ्यायचा तर ‘मॅन्स’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते. मॅन्स म्हणजे पाळकाचे घर. मालकी मात्र त्याची नव्हे. ते पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, जमीनदारांनी बांधायचे आणि दुरुस्तही त्यांनीच करायचे. सोबत ‘ग्लीब’, म्हणजे कसायला सुमारे चार एकर जमीन, शिवाय एक घोडा आणि दोन गाईंपुरते कुरण. घोडा कायद्यानेच धरलेला होता. वाड्यावस्त्यांवरच्या घरभेटी, आजाऱ्यांची विचारपूस, शेजारच्या मंडळीत (चर्चच्या सभासदांच्या समूहात) प्रभुभोजनाच्या विधीला मदत, हे सारे त्याच्याच पाठीवरून. याला वतन समजण्याची चूक सहज होते. वतन मुलाकडे जाते, मॅन्स जात नसे. पाळक वारला की विधवेने मुलांना घेऊन घर रिकामे करायचे. १७४४ साली कायद्याने पाळकांच्या विधवांसाठी निधी उभा राहिला, तो या धास्तीतूनच.

घर जमीनदारांचे, आणि १७१२ च्या कायद्यापासून पाळक नेमण्याचा हक्कही बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडेच. १८३४ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडने मंडळीतल्या कुटुंबप्रमुखांना असा नेमलेला पाळक नाकारण्याचा अधिकार दिला. न्यायालयांनी तो मोडीत काढला. मंडळीला नको असलेला माणूस तिच्यावर लादणे अन्यायच होता. १८ मे १८४३ रोजी एडिंबरामध्ये चर्चमध्ये फूट पडली. सुमारे बाराशेंपैकी साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले, त्यांनी वेगळे फ्री चर्च काढले आणि त्यांच्या बायकामुलांचे छप्पर गेले. भारतातले चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरीही बाहेर पडलेल्यांच्याच बाजूने गेले. गिरगाव चौपाटीवर पुढे विल्सन कॉलेज म्हणून उभी राहिलेली मुंबईची शाळा त्यांच्याबरोबर गेली.

अनेक जमीनदारांनी नव्या चर्चला जागाच नाकारली. एग, रम, कॅना आणि मक या बेटांच्या पाळकाला एगवर घर मिळेना. त्याने लहानशा शिडाच्या नौकेलाच मॅन्स केले. कुटुंब स्काय बेटावर, तो समुद्रावर. हिवाळ्यात त्या पाण्यातून उपासनेला पोचणे म्हणजे काय, हे कोकणच्या खलाशाला सांगावे लागणार नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॉन्शन गावच्या मंडळीने १८४६ मध्ये लोखंडी तरंगते चर्चच आणून खाडीत नांगरले. त्याआधीच, १८४५ मध्ये, मॅन्स बांधण्यासाठी देशभर वर्गणी सुरू झाली होती; वर्षभरात लाख पौंडांहून जास्त जमले.

जमीनदारांचा नेमणुकीचा तो हक्क १८७४ मध्ये रद्द झाला, दुरावलेला मोठा गट १९२९ मध्ये परत एकत्र आला. १९६८ पासून स्त्रियांनाही पाळक होता येऊ लागले आणि मॅन्समधली ‘पाळकाची बायको’ ही बिनपगारी जागा हलली. आता एकच पाळक मोटारीने अनेक मंडळ्या सांभाळतो. रिकामी मॅन्स विकली जातात.