शनिपारची एर्टिगा आणि दहा आकडे

शनिपारजवळच्या बोळात माझ्या स्कूटरपुढे एक एर्टिगा आडवी उभी होती. काचेमागे चिठ्ठी: 'गाडी काढायची असल्यास फोन करा', आणि खाली दहा आकडे. पेठांतलं पार्किंग बऱ्याच अंशी अशा चिठ्ठ्यांवरच चालतं. फोन कुणी उचलेना, म्हणून नंबर 'शनिपार एर्टिगा' या नावानं सेव्ह केला आणि व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. पाच मिनिटांत एक गृहस्थ बाकरवडीची पिशवी सांभाळत आले, "दोनच मिनिटं लावली होती हो," म्हणाले आणि गाडी काढली. विषय संपला.

रात्री फोटो टाकायच्या एका ॲपनं विचारलं, यांना ओळखता का? तेच गृहस्थ. कोकणातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर, सहकुटुंब.

मी त्यांना शोधलं नव्हतं. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते, तिला हे सांगितलं तर ती हसली. "मामा, तू नाही शोधलंस. तुझ्या फोननं शोधलं. तू फक्त कधीतरी 'अलाउ' दाबलंयस."

ते तर आपण सगळेच दाबतो. ॲप टाकताना ते 'कॉन्टॅक्ट्स बघू का?' असं विचारतं, आपण घाईत हो म्हणतो आणि फोनमधली अख्खी यादी कंपनीच्या सर्व्हरकडे रवाना होते. तिथे पहिलं काम होतं ते आकडे एका साच्यात बसवण्याचं. कुणी नंबराआधी शून्य लावतं, कुणी +९१, कुणी मधे जागा सोडतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीनं आधी देशाचा संकेतांक, मग नंबर, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ आकडे, असं त्याचं एकच रूप केलं जातं. मग तो नंबर खातेदारांच्या यादीत आहे का, एवढंच बघायचं. असेल तर त्याचं खातं तुमच्यासमोर. या प्रकाराला 'कॉन्टॅक्ट डिस्कव्हरी' म्हणतात. वाड्याच्या चौकात उभं राहून "अमुक इथे राहतात का हो?" अशी हाळी द्यावी आणि ज्याचं नाव त्यानं गॅलरीतून डोकं बाहेर काढावं, तसं हे. फरक इतकाच, की हाळी एकदम हजारभर नावांची असते आणि चौकात अर्धं जग राहतं.

यासाठी नंबरच का? कारण नावाचा भरवसा नाही. एकट्या कोथरूडमध्ये एकाच नावाचे किती कुलकर्णी निघतील कोण जाणे. नंबर मात्र एका वेळी एकाचाच, तोही ओटीपीनं पडताळलेला. शिवाय माणसं घर बदलतात, नोकरी बदलतात, पण नंबर सोडत नाहीत. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, त्यामुळे ९८२२० वाला जुना नंबर दागिन्यासारखा मिरवणारे काका पुण्यात आजही भेटतात. डेटाबेसच्या दृष्टीनं याहून चांगली खूण सापडणार नाही.

आणि ही खूण तुम्हीच दिली पाहिजे असंही नाही. तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांच्यापैकी एकानं 'अलाउ' दाबलं तरी पुरतं. दहा जणांनी दाबलं, तर तुमची उठबस कोणात आहे याचा नकाशाही आपोआप तयार होतो.

"पण नंबर गुप्त करून पाठवतात म्हणे," मी म्हणालो. ऐकलेलं होतं ते ठोकून दिलं.

"हॅश करून," ती म्हणाली. हॅश म्हणजे एकतर्फी गिरणी. गहू टाका, पीठ मिळेल, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. एकाच नंबराचं पीठ दरवेळी तेच निघतं, त्यामुळे नंबर न बघता पिठाशी पीठ ताडून बघता येतं. कल्पना झकास आहे, पण फोन नंबराच्या बाबतीत ती फुसकी ठरते, आणि कारण साधं गणिताचं आहे. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, पुढे नऊ आकडे. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. आपल्याला आकडा प्रचंड वाटतो. पण गेमिंगसाठी पोरं घेतात ते चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश दळतं. चारशेच्या चारशे कोटी नंबरांचं पीठ आधीच दळून ओळीनं मांडून ठेवायला त्याला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. मग कुठलंही पीठ हातात आलं की ओळीत शोधायचं आणि गहू ओळखायचा.

खरं तर चोरट्याला तेवढंही करायची गरज नाही. तो कॉन्टॅक्टच्या यादीत ओळीनं वाटेल ते नंबर भरतो आणि ॲपलाच विचारतो, यातले तुझ्याकडे कोण? व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच व्हॉट्सॲपवर करून पाहिलं आणि २०२५ मध्ये जाहीर केलं. तासाला १० कोटींहून जास्त नंबर विचारले तरी त्यांना कुणी अडवलं नाही. शेवटी ३५० कोटी खात्यांची यादी हाती आली, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा डीपी कुणालाही दिसत होता. या वेगानं भारतातले सगळे संभाव्य नंबर दोन दिवसांच्या आत विचारून होतात. संशोधकांनी कंपनीला कळवलं, तिनं नंतर लगाम आवळला.

याआधी मोठा दणका बसला तो फेसबुकला. २०१८ च्या एप्रिलपर्यंत तिथे सर्चमध्ये सरळ नंबर टाकून माणूस काढता यायचा. ती सोय बंद झाली, पण कॉन्टॅक्ट जुळवायची वाट उघडीच होती. २०१९ मध्ये त्याच वाटेनं कुणीतरी माहिती उपसली आणि एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून अधिक लोकांचे नंबर आणि नावं इंटरनेटवर फुकट टाकली गेली. आयर्लंडच्या डेटा नियामकानं पुढे फेसबुकला २६.५ कोटी युरोंचा दंड केला, पण यादी काही परत आली नाही. 'नंबर टाका, कुंडली मिळवा' म्हणणाऱ्या साइटींचा बराचसा माल असाच असतो: जुनी फुटलेली यादी, उघडा डीपी आणि 'या नंबराचं खातं आधीच आहे' असं साइनअपच्या पानानं भाबडेपणानं दिलेलं उत्तर. तिन्ही जोडायचं आणि पैसे मागायचे. त्यातही गफलत होते. बंद पडलेला नंबर आपल्याकडे ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, तेव्हा कुंडली भलत्याचीच निघू शकते.

भाचीनं मग माझाच नंबर तपासायला घेतला. डीपीत सारसबागेसमोर मी आणि शेजारी आई. यूपीआयच्या ॲपमध्ये नंबर टाकला, पैसे न पाठवताच बँकेतलं पूर्ण नाव आलं, मधल्या वडिलांच्या नावासकट. म्हणजे दहा आकड्यांत दोन पिढ्या. फोन कोणाचा ते सांगणाऱ्या एका ॲपवर मात्र मी 'गीझर जुना' निघालो. सहा-सात वर्षांपूर्वी एक वापरलेला गीझर विकला होता, तेव्हा कुणी तरी तसं सेव्ह केलं असणार. इतरांच्या फोनमधली नावं गोळा करूनच ती ॲपं चालतात. एम.एस्सी. झालो, बावीस वर्षं नोकरी केली, आणि जगाच्या लेखी मी गीझर.

तिनं डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल असा केला. टेलिग्रामवर नंबरानं मला कोण शोधू शकेल, ते बदललं. सिग्नलवर फेब्रुवारी २०२४ पासून नंबर झाकून नुसतं युजरनेम देता येतं, ते घेतलं. गीझरवाल्याच्या फोनमधल्या नोंदीपुढे मात्र तिनंही हात टेकले.

मग तिनं माझे कॉन्टॅक्ट्स उघडले. अकराशे चाळीस. 'लिफ्टवाला जुना', 'आईचे डोळ्यांचे डॉक्टर', 'नको उचलू', आणि आता हयात नसलेले दोन मित्र. सगळे नंबर कधीच सर्व्हरवर जाऊन बसलेले. खाली सरकत ती 'शनिपार एर्टिगा'पाशी थांबली.

"हे काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हणालो, "पुन्हा आडवी लावली म्हणजे?"