लोणचं आणि लोणा

मराठीत 'लवण' या एकाच शब्दापासून दोन शब्द आले. एक लोणचं, जे कैरी वर्षभर टिकवतं. दुसरा लोणा, जो ओलसर भिंतीला लागला की गिलावा पिठासारखा गळायला लागतो. टिकवणारं मीठ आणि पोखरणारं मीठ रसायन म्हणून वेगळं नाही. हे समजून घ्यायला मला दोन गावं फार उपयोगी वाटतात: ऑस्ट्रियात आल्प्सच्या कुशीतलं, तळ्याकाठचं हालश्टाट आणि कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरचं रंगीबेरंगी बंदर विलेमस्टाड. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दोन्ही 1997 साली आली.

हालश्टाटच्या वरच्या डोंगरात मीठ आहे. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी तिथला उथळ समुद्र आटला, मिठाचे थर उरले आणि पुढे आल्प्स उभा राहताना ते डोंगराच्या पोटात गेले. माणूस तिथे काही हजार वर्षांपासून मीठ खणतोय. खाणकामगारांनी टाकलेलं सगळं त्या खाणीने जपून ठेवलं आहे: लोकरी कापडाचे रंगीत तुकडे, चामड्याच्या पिशव्या, मशालींच्या काटक्या. 2003 साली सापडलेल्या लाकडी जिन्याच्या ओंडक्यांमधली वर्तुळं मोजली, तेव्हा झाडं इ.स.पू. 14व्या शतकात तोडलेली निघाली. खाणीत मिळालेल्या सुमारे 2700 वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत तर चीज आणि बिअर बनवणाऱ्या बुरशींचे अंश ओळखता आले! मला यापेक्षा विलक्षण लोणचं माहीत नाही.

लाकूड कुजवायला जंतू लागतात आणि जंतूंना पाणी लागतं. मीठ पाण्याला असं धरून ठेवतं की पाणी समोर असूनही जंतूला ते घेता येत नाही. उलट त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात खाणीच्या आत तापमान बारा महिने साधारण 8 अंश. मीठ एकदा बसलं की हलत नाही.

विलेमस्टाडचं मूळही मिठातच आहे. डच लोकांचा मोठा धंदा खारवलेल्या हेरिंग माशांचा. स्पेनशी युद्ध पेटल्यावर तिकडचं मीठ मिळेना, तेव्हा त्यांची जहाजं मिठाच्या शोधात कॅरिबियनमध्ये आली. 1634 साली त्यांनी कुरासाव घेतलं. तिथे उत्तम नैसर्गिक बंदर होतं आणि शेजारच्या बोनेअर बेटावर मिठागरांना हवं तसं ऊन, वारा आणि कमी पाऊस. त्या मिठागरांत राबवली गेली ती आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसं. कुरासाव तर गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र झालं. बंदरावरच्या देखण्या घरांचा फोटो बघताना हे विसरता कामा नये.

ती घरं आधी पांढरी होती. उन्हात चमकणाऱ्या भिंतींनी डोकं दुखतं म्हणून 1817 साली गव्हर्नर अल्बर्ट किकर्ट यांनी पांढऱ्या रंगाला मनाई केली, असं सांगतात. पण रंग भिंतीवर टिकवणं अवघड, कारण जुन्या भिंतींत प्रवाळाचा दगड आहे, समुद्राची वाळू आहे आणि वरून खारा वारा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ दमट होऊन विरघळतं. खाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. समुद्राकाठी ही रेषा पुन्हा पुन्हा ओलांडली जाते. प्रत्येक वेळी दगडाच्या बारीक छिद्रांत स्फटिक वाढतो, आतून रेटा देतो आणि कण कण सुटतो. डच भाषेत या रोगाला 'भिंतीचा कर्करोग' म्हणतात. आपला लोणा तो हाच.

म्हणजे फरक हवेतली आर्द्रता वर-खाली होण्याचा आहे. खाणीत मीठ स्थिर, म्हणून लोकरीचा धागासुद्धा सुरक्षित. बंदरावर ते रोज विरघळतं आणि गोठतं, म्हणून दगडही झिजतो.

कोकणातलं जुनं घर दुरुस्त करणाऱ्यांना म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं: लोणा लागलेल्या जांभ्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिकसारखा रंग चढवू नका. ओल आत कोंडते आणि मीठ त्या थरामागे स्फटिक बनून अख्खा पापुद्रा सोडवतं. आधी ओल कुठून येते ते शोधा, मग चुन्याचा गिलावा करा. तो ओल बाहेर जाऊ देतो. मीठ त्याच्यात येऊन बसतं आणि काही वर्षांनी गिलावा बदलावा लागतो, पण मागचा चिरा वाचतो.