बिघाड

बिघाड (पुल्लिंगी नाम) : एखादे यंत्र, अवयव किंवा व्यवस्था जागेवर शाबूत असूनही तिचे नेमून दिलेले काम नीट न होण्याची अवस्था. ‘उतरणे–उतार’, ‘उघडणे–उघाड’ या जोड्यांप्रमाणेच ‘बिघडणे’ या क्रियापदातील मधला स्वर दीर्घ होऊन हे नाम बनले आहे. क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘वि + घट्’ (सुटे होणे) यात असून त्याच धातूपासून ‘घडणे’ही आले, त्यामुळे घडलेल्या गोष्टीची घडण सुटणे हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. आरंभीचा ‘बि’ म्हणजे फारसी ‘बे’ नव्हे.

खुर्चीचा पाय मोडतो, दोरी तुटते. यांना कोणी बिघाड म्हणत नाही. पंख्याची पाती सरळ असूनही तो फिरेनासा झाला, तर त्यात बिघाड आहे. ‘निकामी’ या शब्दात आशा संपलेली असते, बिघाडात दुरुस्ती गृहीत असते. इमारतीच्या लिफ्टवर ‘नादुरुस्त’ अशी पाटी लागते, पण जिना चढणारा माणूस ‘लिफ्ट बंद पडलीय’ एवढेच म्हणतो. बिघाड हा शब्द मुख्यतः उद्घोषणेचा, बातमीचा आणि अर्जाचा आहे.

ठाण्यात तो सर्वाधिक ऐकू येतो तो रेल्वे स्थानकात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी याच गावी आली, आणि आज येथून कल्याण, मुंबई व वाशी अशा तिन्ही दिशांना लोकल सुटत असल्याने ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हे दोन शब्द कानी पडताच पुलावरची गर्दी इंडिकेटरकडे मान वर करते. यातील ‘सिग्नल यंत्रणेतील बिघाड’ थोडा उलगडून पाहण्याजोगा आहे. रुळांतून सतत एक क्षीण विद्युतप्रवाह वाहत असतो. गाडीची चाके दोन्ही रूळ जोडतात तेव्हा तो रिलेपर्यंत, म्हणजे सिग्नल बदलणाऱ्या विद्युत स्विचपर्यंत, पोहोचत नाही आणि मागचा सिग्नल लाल होतो. रुळांवर पाणी साचले किंवा केबल तुटली तरी परिणाम तोच, कारण प्रवाह खंडित झाला की लालच दिसावा अशी मुळातच रचना आहे. म्हणजे फलाटावरच्या माणसाला जो बिघाड वाटतो, त्यात सिग्नल आपले सर्वांत महत्त्वाचे काम चोख करत असतो.

वैद्यकात ‘विकार’ आणि ‘बिघाड’ यांत फरक करावा. थायरॉइड ग्रंथी आकाराने नेहमीसारखी असूनही तिचे संप्रेरक कमी पडू शकते. हा कार्यातील बिघाड होय. घरगुती बोलीत पोट बिघडते, तब्येत बिघडते, आणि डोकेही. मनोरुग्णालय १९०१ पासून ठाण्यात असल्याने ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मराठीत सर्वदूर पोहोचली. ठाणेकरांना ती अर्थातच फारशी गमतीची वाटत नाही. माणसाच्या अपंगत्वाला मात्र बिघाड म्हणू नये: शब्द दुरुस्तीचा आहे, आणि माणूस दुरुस्तीला आलेली वस्तू नव्हे.

व्याकरणदृष्ट्या ‘बिघाड झाला’ या रचनेत कर्ता लागत नाही. ‘बिघडवले’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न येतो. ‘झाला’ म्हटले की येत नाही. जाहीर निवेदनांत या नामाला इतकी पसंती का, याचे उत्तर बहुधा येथेच आहे. राजकीय बातम्यांतील ‘आघाडीत बिघाडी’ हे स्त्रीलिंगी रूप केवळ यमकासाठी घडले असून वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे.

प्रश्नार्थक वाक्यात क्रियापदाचा अर्थ नुकसानीकडे झुकतो, आणि ‘काय बिघडलं?’चे अपेक्षित उत्तर ‘काही नाही’ असेच असते. ठाणे–वाशी लोकलमध्ये तिघांच्या बाकड्याशी उभी राहिलेली बाई ‘जरा सरकलात तर काय बिघडेल?’ असे विचारते, तेव्हा ती चौथी सीट मागत असते.