आग दोघांचीही बाहेरच: वाफेचं इंजिन आणि स्टर्लिंग इंजिन

गरम चहाच्या कपावर ठेवून हलकी टिचकी मारली की फिरत राहणारं एक छोटं शोभेचं इंजिन मिळतं. चहाची वाफ चाक फिरवते, असं बघणाऱ्याला वाटतं. पण कपाऐवजी तापलेली कोरडी वीट ठेवली तरी ते फिरेल. ते वाफेचं नाही, स्टर्लिंग इंजिन आहे.

गोंधळ होणं साहजिक आहे. पेट्रोल इंजिनात इंधन सिलिंडरच्या आतच पेटतं. या दोघांत जाळ बाहेर असतो. त्यामुळे लाकूड, कोळसा, काहीही चालतं. फरक आहे तो आत काय खेळतं याचा.

वाफेच्या इंजिनात बॉयलरमधल्या पाण्याची वाफ दट्ट्या ढकलते. रेल्वेच्या इंजिनात काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर जाई. तो भकभक आवाज तिचाच. म्हणून तर वाटेत पाणी भरायला थांबावं लागे. खरी उधळपट्टी मात्र उष्णतेची. शून्य अंशाचं पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. ती बहुतेक आकाशात जाई.

स्टर्लिंगमध्ये उकळत काहीच नाही. हवा, हेलियम किंवा हायड्रोजन आत कोंडलेला असतो आणि तोच वायू गरम टोकाकडून थंड टोकाकडे ये-जा करतो. तापला की फुगतो, निवला की आकसतो. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ साली याचं पेटंट घेतलं. माझ्या मते त्यांची खरी करामत दोन टोकांच्या मधे आहे: थंड बाजूला जाताना वायू तिथल्या धातूत उष्णता ठेवतो आणि परतताना तीच उचलतो.

मग आगगाडीला हे का जोडलं नाही? बॉयलरमध्ये वाफेचा साठा तयार असतो. झडप उघडली की उभी गाडीही लगेच जोर धरते. स्टर्लिंगमध्ये सगळी उष्णता धातूच्या भिंतीतून झिरपत आत जाते, त्यामुळे वेग झटपट कमी-जास्त होत नाही. शिवाय गरम टोक सतत तापलेलं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या ओतकारखान्यात १८४०च्या दशकात स्टर्लिंग इंजिन होतं, त्याचे सिलिंडर टिकेनात.

एकसारखं, शांतपणे चालायचं असेल तिथे मात्र ते शोभतं. स्वीडनच्या गॉटलंड वर्गाच्या पाणबुड्या डिझेल आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या ज्वलनावर स्टर्लिंग चालवून दीर्घकाळ पाण्याखाली राहतात.

वाफही कुठे गेलेली नाही. चंद्रपूर, कोराडीची वीज तिच्यावरच होते. दट्ट्याच्या जागी टर्बाइन आलं, आणि वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा बॉयलरला जातं.