तोड झालेलं जंगल आणि काढून टाकलेलं जंगल

ओरांगउटानची कुठलीही बातमी उघडा, फोटो ठरलेला. उजाड माळ, मध्ये एकच सोललेलं झाड आणि त्याला घट्ट धरून बसलेलं तांबूस केसांचं जनावर. खाली ओळ असते: जंगलतोडीमुळे ओरांगउटान नामशेष होण्याच्या मार्गावर. यातलं खोटं काहीच नाही. तरी ही ओळ वाचली की माझा संताप होतो, कारण तिच्यात दोन वेगळ्या घटना एकत्र कोंबलेल्या असतात आणि त्या घोळाची किंमत ओरांगउटानच मोजतात. एक घटना म्हणजे जंगलातली विकाऊ मोठी झाडं निवडून तोडणं. दुसरी म्हणजे आख्खं जंगल साफ करून तिथे ऑइल पाम लावणं.

दुसरीबद्दल फार सांगायला नको. पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारतच आहे. फरसाणापासून बिस्किटापर्यंत ते कुठे कुठे असतं हे आपण वाचून आहोत. जातींचा गोंधळही किरकोळ. ओरांगउटान हे माकड नव्हे, शेपूट नसलेला एप. त्याच्या जाती तीन: बोर्निओची, सुमात्राची आणि 2017 साली वेगळी ओळखली गेलेली सुमात्रातलीच टापानुली, जिची संख्या आठशेच्या आत आहे. तिन्ही अतिसंकटग्रस्त. पुढचं सगळं बोर्निओबद्दल आहे; सुमात्रातली जात लाकूडतोडीपुढे जास्त नाजूक ठरते.

आता मुख्य मुद्दा. बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यात 1970 आणि 80च्या दशकांत जी तोड झाली ती साधीसुधी नव्हती. मेरांतीसारखी उंच, सरळसोट झाडं हेरायची, पाडायची, डोझरने ओढत रस्त्यावर आणायची. एक झाड पडताना वेलींनी बांधलेली चार झाडं सोबत घेऊन पडतं. ओंडके ओढल्याच्या वाटांवर माती इतकी दबते की पुढची कित्येक वर्षं तिथे धड काही उगवत नाही. काही वर्षांनी तोडणारे परत येतात आणि पहिल्या वेळी सोडलेली झाडं नेतात. असं जंगल बघायला गेलात तर छत फाटलेलं दिसेल, खाली वेलींचा गचपणा दिसेल. पहिल्या नजरेत कुणीही म्हणेल, संपलं हे.

पण ओरांगउटानच्या पोटाच्या हिशोबाने बघा. बोर्निओच्या जंगलात फळं दरवर्षी नेमाने येत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने एकदम बहर येतो आणि मधला काळ टंचाईचा. बोर्निओतल्याच गुनुंग पालुंगच्या जंगलात संशोधक शेरिल नॉट यांनी ओरांगउटानच्या लघवीचे नमुने तपासले, तेव्हा टंचाईच्या महिन्यांत त्यात कीटोन सापडले, म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळत होतं. त्या काळात हे प्राणी झाडांच्या साली, कोवळी पालवी आणि वड-उंबराच्या कुळातली फळं यांवर निभावतात. वड-उंबराच्या लाकडाला बाजारात भाव नाही, म्हणून तोडणारे त्या झाडांच्या वाटेला सहसा जात नाहीत. वेली आणि पालवी तर तोडीनंतर वाढतातच. मेजवानीची झाडं गेली तरी दुष्काळात तगवणारं अन्न बऱ्याच अंशी मागे राहतं.

याचा पुरावा आहे, आणि तो घरट्यांचा आहे. ओरांगउटान जवळपास रोज संध्याकाळी नवं घरटं करतो: फांद्या आत वाकवायच्या, एकमेकींत अडकवायच्या, वर पानांचा थर. प्राणी सहजासहजी दिसत नाही, घरटं दिसतं. ते किती दिवस टिकतं हे माहीत असलं की घरट्यांवरून संख्येचा अंदाज बांधता येतो. मार्क आंक्रेनाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साबामध्ये हेलिकॉप्टरमधून ही मोजणी केली आणि 2005 साली निष्कर्ष मांडले. राज्यात सुमारे 11,000 ओरांगउटान, आणि त्यांतले साधारण 60 टक्के संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, बहुतांशी अनेकदा तोड झालेल्या जंगलांत. ज्याला आपण संपलेलं जंगल म्हणतो, तेच त्यांचं घर निघालं.

हे फक्त ओरांगउटानपुरतं नाही. डेव्हिड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी साबातल्याच दोनदा तोड झालेल्या जंगलात पक्षी आणि शेणकिडे मोजले. न तोडलेल्या जंगलात सापडणाऱ्या जातींपैकी 75 टक्क्यांहून अधिक तिथे टिकून होत्या.

याच्या शेजारी ऑइल पामचा मळा ठेवा. सुमारे नऊ-नऊ मीटरवर एकाच वयाची झाडं, पंचवीसेक वर्षांनी सगळी काढून पुन्हा नवी. ओरांगउटान मळ्यात दिसतात हे खरं. पामचे कोंब आणि फळं खातात, एका जंगलाच्या तुकड्यातून दुसऱ्यात जाताना मळा ओलांडतात. पण जवळ जंगल असेल तरच. नुसत्या मळ्यावर त्यांची वस्ती जगत नाही. मळ्यातल्या ओरांगउटानचा फोटो दाखवून ‘बघा, जमवून घेतात’ म्हणणाऱ्यांवर म्हणूनच माझा अजिबात विश्वास नाही.

मग हा फरक लोकांनी विसरला तर बिघडतं काय? खूप बिघडतं. तोड झालेल्या जंगलावर ‘निकृष्ट’ असा शिक्का बसला की पुढचा युक्तिवाद तयारच असतो: नाहीतरी ते गेलेलंच आहे, निदान लागवड तरी होऊ द्या. ओरांगउटानसाठी हळहळणारा माणूस तोड झालेलं जंगल संपलं असं म्हणतो, तेव्हा तो नकळत लागवडवाल्यांचीच बाजू मजबूत करतो.

हिरव्या नकाशांनी यात भर पडते. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात एक हेक्टरहून मोठ्या आणि 10 टक्क्यांहून जास्त छत असलेल्या जमिनीवर झाडं कुठली आहेत हे न बघता ती वनाच्छादनात धरली जाते. दोडामार्गात डोंगरउतारावरचं रान काढून लावलेलं रबर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हिरवा रंग आणि जंगल यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही.

आता दुसरी बाजू, कारण लाकूडतोड निरुपद्रवी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मध्य कालिमांतानच्या (बोर्निओचा इंडोनेशियातला भाग) सबांगाऊसारख्या दलदलीच्या जंगलात चोरटे तोडणारे ओंडके तरंगत न्यायला चर खणत. त्या चरांतून दलदलीचं पाणी निघून जातं, खालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा जाड थर, वाळतं, आणि वाळलेलं पीट पेटलं की विझता विझत नाही. शिवाय ओंडक्यांचे रस्ते. ट्रक गेले तरी रस्ता राहतो आणि त्यावरून बंदूक घेतलेला माणूस आत जातो. मारिया फोइग्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 साली दाखवलं की 1999 ते 2015 या काळात बोर्निओने एक लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले. घटीचा वेग सर्वांत जास्त होता तो जंगल साफ केलेल्या भागात. संख्येने मात्र जास्त प्राणी नाहीसे झाले ते उभ्या जंगलांतून, तोड झालेल्या आणि न झालेल्याही. उभ्या जंगलातून एवढे प्राणी जातात ते बव्हंशी मारले गेल्यामुळे. मादीला साधारण सात ते नऊ वर्षांनी एक पिल्लू होतं. दरवर्षी थोड्या माद्या मेल्या तरी वस्ती खचते.

म्हणून ‘जंगल उभं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, आणि ‘तोड झाली’ एवढ्यावर पाणीही सोडू नये. साबात पुढे पुन्हा मोजणी झाली, तेव्हा राज्याच्या मध्यभागच्या मोठ्या, सलग, पूर्वी तोड झालेल्या जंगलांत संख्या टिकून होती. मळ्यांनी तुकडे केलेल्या किनाबातांगान खोऱ्यात ती घटली होती. त्या मध्यभागाच्या जवळच्या देरामाकोट राखीव वनाला 1997 सालीच एफएससीचं, म्हणजे जंगल राखून लाकूड काढलं जातं याचं, प्रमाणपत्र मिळालं. तिथे आजही लाकूड निघतं, पण कुठलं झाड पाडायचं हे नकाशावर आधी ठरतं, आणि ओरांगउटानही राहतात.

मला विचाराल तर अनाथ पिल्लं दत्तक घेण्याच्या योजनांआधी पैसा इथे जायला हवा: तोड झालेल्या जंगलांना लागवडीपासून कायदेशीर संरक्षण, ओंडक्यांच्या जुन्या रस्त्यांवर नाकी, आणि मळ्यांच्या मधून नदीकाठाने सोडलेल्या जंगलाच्या सलग पट्ट्या.